सहा पेन्सांचं पुस्तक

१८ डिसेंबर १७९२ रोजी लंडनच्या गिल्डहॉलमध्ये एक खटला उभा राहिला, पण आरोपी तिथं नव्हता. टॉमस पेन सप्टेंबरातच डोव्हर बंदरातून फ्रान्सला निघून गेला होता आणि पॅरिसच्या राष्ट्रीय सभेत निवडून आलेला सदस्य म्हणून बसत होता. तरीही खटला चालला. आरोप राजद्रोही लेखनाचा होता आणि पुरावा होता ‘राइट्स ऑफ मॅन’ या पुस्तकाचा दुसरा भाग. न्यायासनावर लॉर्ड केन्यन होते. सरकारतर्फे ॲटर्नी जनरल सर आर्चिबाल्ड मॅक्डोनल्ड उभे होते आणि पेनतर्फे त्या काळातला सगळ्यांत नावाजलेला बॅरिस्टर, टॉमस अर्स्किन.

मॅक्डोनल्ड यांनी सुरुवातीलाच एक खुलासा केला. पुस्तकाचा पहिला भाग १७९१ मध्ये आला, तेव्हा खटला का भरला नाही? ते म्हणाले, पुस्तक तेव्हाही वाईटच होतं, पण ते जाणत्या वाचकापुरतं राहील असं मला वाटलं. जाणता माणूस वाचता वाचताच त्यातलं खरंखोटं पारखून घेतो. दुसऱ्या भागाचं तसं राहिलं नाही. लहानमोठ्या हरतऱ्हेच्या आकारांत तो देशभरातल्या माणसांच्या हातांत कोंबला जाऊ लागला. पोरांच्या खाऊच्या पुड्यासुद्धा त्याच्या पानांत बांधल्या जात होत्या. मग मात्र सरकारला गप्प बसता आलं नाही.

ब्रिटनच्या सार्वजनिक जीवनाचा त्या काळातला सगळा स्वभाव या खुलाशात उघडा पडतो, असं मला वाटतं. पहिल्या भागाची किंमत तीन शिलिंग होती. तेव्हाचा शेतमजूर आठवडाभर राबून आठ-नऊ शिलिंग मिळवायचा. तो काही तीन शिलिंगांचं पुस्तक घेणार नव्हता. १७९२ मध्ये पेननं दोन्ही भागांच्या स्वस्त आवृत्त्या काढल्या, एकेकीची किंमत सहा पेन्स, म्हणजे अर्धा शिलिंग. राजसत्ता वंशपरंपरेनं चालावी की नाही, हा वाद शिकल्यासवरल्या लोकांच्या दिवाणखान्यात चालला तर सरकारला चालत होतं. तोच वाद चांभाराच्या दुकानात आणि विणकराच्या मागापाशी पोचला की तो गुन्हा ठरत होता.

अर्स्किन सुमारे चार तास बोलला. आपल्या देशाच्या भल्यासाठी म्हणून जे मनापासून पटलं ते लिहिणं हा गुन्हा होऊच शकत नाही, हा त्याच्या म्हणण्याचा गाभा होता. पण पेननं पॅरिसहून मॅक्डोनल्डना एक पत्र धाडलं होतं. त्यात राजाचा आणि राजपुत्रांचा उद्धार शेलक्या शब्दांत केलेला होता आणि ते पत्र कोर्टात वाचून झालं होतं. शिवाय समोर होती खास ज्युरी, मालमत्तेच्या आणि प्रतिष्ठेच्या चाळणीतून निवडलेली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पार्लमेंटनं कायदा करून अशा खटल्यांत दोषी की निर्दोष हे ठरवण्याचा पुरा अधिकार ज्युरीला दिला होता. त्याआधी ज्युरीनं मजकूर छापला की नाही एवढंच सांगायचं आणि तो राजद्रोही आहे का ते न्यायाधीशानं ठरवायचं, असा प्रघात होता. हा हक्क मिळावा म्हणून अर्स्किन स्वतः वर्षानुवर्षं झगडला होता. मॅक्डोनल्ड उत्तर द्यायला उठले तेव्हा ज्युरीच्या प्रमुखानं सांगितलं, उत्तराची गरज नाही. आणि निकाल दिला: दोषी.

बाहेर जमलेल्या गर्दीनं अर्स्किनच्या गाडीचे घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढत नेली. प्रिन्स ऑफ वेल्सचा ॲटर्नी जनरल हे त्याचं मानाचं पद मात्र या वकिलीपायी गेलं.

याच पेनचं इंग्लंडमधलं पहिलं पत्रक मुद्दाम आठवण्यासारखं आहे. थेटफर्ड गावात १७३७ साली तो जन्मला. वडील बायकांच्या काचोळ्या शिवायचे. तोही तेच शिकला. पुढे लुइस इथं अबकारी खात्यात नोकरीला लागला. पगार इतका तुटपुंजा की लाच न घेता जगणं कठीण. १७७२ साली खात्यातल्या लोकांच्या वतीनं त्यानं पगारवाढीची बाजू मांडणारं पत्रक लिहिलं. त्याच्या चार हजार प्रती छापल्या. त्या वाटण्यासाठी आणि पार्लमेंटच्या सदस्यांना भेटण्यासाठी तो लंडनला जाऊन राहिला. पार्लमेंटनं ढुंकूनही पाहिलं नाही. १७७४ मध्ये परवानगीवाचून कामावर गैरहजर राहिल्याचं कारण देऊन त्याला नोकरीवरून काढण्यात आलं. लंडनमध्ये बेंजामिन फ्रँकलिनशी त्याची ओळख झालेली होती. त्याचं शिफारसपत्र खिशात घालून पेन जहाजावर चढला आणि नोव्हेंबरअखेर तापानं फणफणलेल्या अवस्थेत फिलाडेल्फियाला उतरला.

तिथं त्याला जे सापडलं ते इंग्लंडमध्ये नव्हतं. अमेरिकन वसाहतींत छापखानेवाला हा गावातला वजनदार माणूस असे. फ्रँकलिन स्वतः मुद्रक होता आणि पोस्टमास्तरही होता. असे दोन्ही कामं सांभाळणारे आणखीही होते. त्यांच्या दुकानात पत्रं यायची, वर्तमानपत्रं यायची, माणसं यायची, बोलायची. न्यूयॉर्कच्या जॉन पीटर झेंगर या मुद्रकावर गव्हर्नरची बदनामी केल्याचा खटला झाला होता. न्यायाधीशाचा कल उघड दिसत असतानाही तिथल्या ज्युरीनं १७३५ साली त्याला निर्दोष सोडलं होतं. आणि १७६५ चा स्टँप ॲक्ट तर थेट या मुद्रकांच्या पोटावरच आला. लंडननं वर्तमानपत्रांवर आणि पत्रकांवर तिकिटाचा कर लावला. इंग्लंडमध्ये तसा कर १७१२ पासून चालू होता आणि लोक तो निमूट भरत होते. अमेरिकेत त्यावरून दंगे झाले, कर गोळा करणाऱ्यांचे पुतळे जाळले गेले आणि वर्षभरात कायदा मागे घ्यावा लागला. छापील कागदावरचा तोच कर एका देशानं अंगवळणी पाडून घेतला आणि दुसऱ्यानं झुगारून दिला. दोन्हीकडचं राजकीय लेखन वेगळ्या वाटेनं गेलं त्याची सुरुवात मी इथून धरतो.

१० जानेवारी १७७६ ला रॉबर्ट बेल या मुद्रकानं ‘कॉमन सेन्स’ बाजारात आणलं. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव नव्हतं. वसाहतींनी इंग्लंडशी समेट करावा की काय, याची अजून काँग्रेसमध्येच चर्चा चालू होती. पेननं सरळ राजेपणावरच घाव घातला, आणि तो घालताना लॅटिन वचनांचा आधार घेतला नाही. ज्याच्या घरात बायबलखेरीज दुसरं पुस्तक नाही अशा माणसाला कळतील असे दाखले त्यानं दिले. किती प्रती खपल्या? पेन स्वतः सव्वा ते दीड लाखाचा आकडा सांगत असे. इतिहासकार तो फुगवलेला मानतात. पण वसाहतीभर छापखान्यांनी त्याच्या आपापल्या आवृत्त्या काढल्या आणि जे वाचू शकत नव्हते त्यांना ते वाचून दाखवलं गेलं, याबद्दल वाद नाही. अबकारी खात्यातून काढलेला, तेरा महिन्यांपूर्वी उतरलेला एक उपरा माणूस त्या देशाच्या सर्वांत मोठ्या प्रश्नावर बोलला आणि देशानं ऐकलं. डिसेंबरात वॉशिंग्टनचं सैन्य मागे हटत असताना पेन त्याच सैन्याबरोबर होता. तिथं त्यानं ‘क्रायसिस’ लेखमालेतला पहिला लेख लिहिला. लंडनमध्ये चार हजार प्रती वाटूनही ज्याच्या पत्रकाला सदस्यांनी हात लावला नव्हता, तो माणूस हाच.

स्वतंत्र झालेल्या अमेरिकेनं मग एक असं काम केलं ज्याची चर्चा फारशी होत नाही. १७९२ च्या फेब्रुवारीत, म्हणजे ‘राइट्स ऑफ मॅन’चा दुसरा भाग लंडनमध्ये निघाला त्याच महिन्यात, वॉशिंग्टननं टपाल कायद्यावर सही केली. साधं पत्र साडेचारशे मैलांपलीकडे धाडायचं तर २५ सेंट पडायचे. वर्तमानपत्राला मात्र शंभर मैलांपर्यंत एक सेंट आणि त्यापुढे कितीही दूर गेलं तरी दीड सेंट. संपादकांनी एकमेकांना अंक धाडायचे तर तेही फुकट. त्यामुळे केंटकीतल्या गावचा संपादक फिलाडेल्फियाच्या अंकातला मजकूर उचलून छापी, त्याचा उचलून तिसरा. पत्रं लिहिणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पैशावर वर्तमानपत्रं गावोगाव फिरू लागली. त्याच वर्षी २१ मे रोजी इंग्लंडच्या राजाच्या नावानं राजद्रोही लेखनाविरुद्ध जाहीरनामा निघाला. एक सरकार छापील कागद पोचवायला खर्च करत होतं आणि दुसरं तो पोचू नये म्हणून वॉरंटं काढत होतं.

सभागृहांचंही तसंच. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानं १७८९ साली, भरल्यानंतर लगेचच, लोकांसाठी सज्जा उघडला. सिनेटनं मात्र १७९५ पर्यंत दारं बंदच ठेवली. ब्रिटिश पार्लमेंटनं १७३८ सालच्या ठरावानं आपल्या चर्चा छापणं हाच हक्कभंग ठरवून टाकला होता. म्हणून तरुण सॅम्युअल जॉन्सन एका मासिकात त्या चर्चा लिलिपुट देशाची सभा म्हणून, बनावट नावांखाली लिहीत असे. १७७१ मध्ये जॉन विल्क्स आणि लंडनचे मेयर ब्रास क्रॉस्बी यांनी मुद्रकांना पाठीशी घातलं. त्यापायी क्रॉस्बींना टॉवरच्या तुरुंगात जावं लागलं. लोक इतके खवळले की पुढे पार्लमेंटनं डोळेझाक करायला सुरुवात केली. नियम रद्द झाला नाही, फक्त वापरायचा थांबला. ब्रिटनमध्ये हक्क पुष्कळदा असेच पदरात पडले: कायद्याची अक्षरं जागच्या जागी आणि व्यवहार हळूहळू सैल.

इथवर वाचून अमेरिका म्हणजे लेखकांचं माहेर होतं असं कुणाला वाटेल, तर तसं नव्हतं. १७९८ च्या जुलैत तिथंही राजद्रोहाचा कायदा झाला: दोन वर्षांपर्यंत कैद, दोन हजार डॉलरपर्यंत दंड. व्हरमाँटचे काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन यांनी अध्यक्ष ॲडम्सवर कडक टीका केली म्हणून त्यांना चार महिने तुरुंगात घातलं, हजार डॉलर दंड केला. खटले विरोधी पक्षाच्याच माणसांवर आणि संपादकांवर भरले गेले. लायन यांच्या मतदारांनी ते तुरुंगात असतानाच त्यांना पुन्हा निवडून दिलं. १८०१ मध्ये कायद्याची मुदत संपली आणि नवे अध्यक्ष जेफरसन यांनी शिक्षा झालेल्यांना माफी दिली. कायदा टिकला नाही, याचं श्रेय मी व्हरमाँटच्या मतदारांना जितकं देतो तितकं जेफरसनला देत नाही.

पण कायदा गेला म्हणून धोका गेला नाही. अमेरिकेत तो मॅजिस्ट्रेटकडून कमी आणि शेजाऱ्यांकडून जास्त यायचा. न्यूयॉर्कच्या एका संघटनेनं गुलामगिरीविरोधी पत्रकं दक्षिणेत धाडली. १८३५ च्या जुलैत चार्ल्सटनच्या जमावानं टपाल कचेरी फोडून त्या थैल्या पळवल्या आणि त्यांची होळी केली. पुढे तर दक्षिणेतले पोस्टमास्तरच असा मजकूर बाजूला काढू लागले आणि वरिष्ठांनी तिकडे कानाडोळा केला. ज्या टपालानं देशाला वाचतं केलं त्याच टपालात हे घडलं. ७ नोव्हेंबर १८३७ ला इलिनॉयमधल्या ऑल्टन गावी संपादक इलायजा लव्हजॉय आपलं नवं छापयंत्र राखत गोदामात उभा होता. आधीची यंत्रं जमावानं फोडून टाकली होती. त्या रात्री गोदामाच्या छपराला आग लावायला शिडी लावली गेली, ती पाडायला लव्हजॉय बाहेर आला आणि गोळ्या लागून मेला. त्याच्यावर कुठल्याही कोर्टाचं समन्स नव्हतं.

पेनलाही दोन्ही तऱ्हा भोगाव्या लागल्या. फ्रान्समध्ये राजाला देहदंड देऊ नका म्हणाला, पुढे काही महिन्यांची कैद पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग तुरुंगात काढली. तिथं जाता जाता ‘एज ऑफ रीझन’ लिहिलं आणि त्यात बायबलची कठोर चिकित्सा केली. १८०२ मध्ये तो अमेरिकेत परतला तेव्हा हेच पुस्तक त्याच्या आधी पोचलेलं होतं. ट्रेंटनला घोडागाडीवाल्यानं त्याला गाडीत घ्यायचं नाकारलं. न्यू रोशेलला मतदानाला गेला तर तू नागरिकच नाहीस म्हणून परत पाठवलं. हे ज्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी लिहून त्यानं मानधनही सोडून दिलं त्या देशात. ८ जून १८०९ ला तो न्यूयॉर्कला वारला. क्वेकर मंडळींनी त्यांच्या दफनभूमीत जागा दिली नाही. अंत्ययात्रेला मोजकी माणसं होती. इंग्लंडनं त्याला कायद्यानं हद्दपार केलं, अमेरिकेनं अबोला धरून. दुसरी शिक्षा मला अधिक क्रूर वाटते, कारण तिच्यावर अपील कुठे करायचं?

इंग्लंडमध्ये पेनचा खरा वारसदार निघाला तो त्याचा एके काळचा वैरी, विल्यम कॉबेट. १७९० च्या दशकात कॉबेट फिलाडेल्फियात राहून पेनला लाखोली वाहत होता. तिथं डॉक्टर बेंजामिन रश यांनी बदनामीचा दावा जिंकला, पाच हजार डॉलरचा भुर्दंड बसला आणि तो इंग्लंडला परतला. परतल्यावर तिथली गरिबी पाहून त्याचं मन फिरलं. ईली इथल्या शिपायांना चाबकाचे फटके मारल्याबद्दल त्यानं लिहिलं, तर १८१० मध्ये दोन वर्षं न्यूगेटच्या तुरुंगात जावं लागलं. १८१६ मध्ये त्याला एक पळवाट सापडली. तिकीट लागायचं ते बातम्या छापणाऱ्या वर्तमानपत्राला. त्यानं बातम्या गाळल्या, आपला मुख्य लेख तेवढा एका कागदावर छापला आणि दोन पेन्सांना विकला. विरोधकांनी त्या कागदाची दोन पेन्सांचा कचरा म्हणून हेटाळणी केली. गिरण्यांच्या शहरांत तो हातोहात खपला. धरपकड सुरू झाल्यावर कॉबेट पुन्हा अमेरिकेला पळाला आणि १८१९ मध्ये येताना पेनचे अवशेष उकरून बरोबर घेऊन आला. इंग्लंडमध्ये स्मारक बांधायचं होतं. वर्गणी जमली नाही, स्मारक झालं नाही आणि ते अवशेष पुढे कुठे गेले याचा पत्ता लागला नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मँचेस्टरला सेंट पीटर्स मैदानावर शांतपणे जमलेल्या सभेवर घोडदळ घातलं गेलं. डिसेंबरात पार्लमेंटनं सहा कायदे केले. त्यांतल्या एकानं कॉबेटची पळवाट बुजवली. सहा पेन्सांपेक्षा स्वस्त विकल्या जाणाऱ्या, बातमी किंवा त्यावरचं मत छापणाऱ्या नियतकालिकाला चार पेन्सांचं तिकीट. मॅक्डोनल्ड यांनी गिल्डहॉलमध्ये जे सांगितलं होतं ते आता आकड्यासकट कायद्यात उतरलं. मत कोणतंही असो, ते महाग असलं पाहिजे.

१८३१ मध्ये हेन्री हेदरिंग्टन या लंडनच्या मुद्रकानं हा कायदा उघडउघड मोडायचा ठरवला. त्याचं ‘पुअर मॅन्स गार्डियन’ एक पेनीला मिळे. सत्तेच्या जोरापुढे हक्काचा जोर किती ते अजमावायला हे पत्र कायदा मोडून काढलं आहे, असं ते पहिल्या पानावरच सांगे. सरकारी तिकिटाच्या जागी त्यानं छापयंत्राचं चित्र घातलं. पोलिसांना चुकवायला हेदरिंग्टन क्वेकरांचा वेष करून हिंडे. अंक विकणारी शेकडो माणसं तुरुंगात गेली. एक आत गेली की तिच्या जागी दुसरी उभी राही. १८३६ मध्ये तिकीट चारावरून एका पेनीवर आलं आणि १८५५ मध्ये रद्द झालं. न्यूयॉर्कला एका सेंटचं ‘सन’ १८३३ पासून रस्त्यावर विकलं जात होतं. दोन्हीकडे अखेर स्वस्त वर्तमानपत्र आलं. ब्रिटनमध्ये त्याची किंमत विक्रेत्यांनी तुरुंगात फेडली.

या भांडणाची एक शाखा आपल्याकडे पोचली. १८४७ च्या सुमारास पुण्यात विशीतल्या जोतीराव फुल्यांनी ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापलं तेव्हा त्यांनी ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं. लव्हजॉयसारख्या माणसांनी जे मोल दिलं त्याची कदर पुण्यातल्या एका माळ्याच्या मुलानं केली होती.

दुसऱ्या बाजूनं, मॅक्डोनल्ड यांचा युक्तिवादही इथं आला. राजद्रोहाचं १२४ अ हे कलम १८७० मध्ये दंडविधानात घातलं गेलं. १८७८ चा व्हाइसरॉय लिटनचा मुद्रण कायदा तर फक्त देशी भाषांतल्या पत्रांना लागू होता. इंग्रजी पत्रं मोकळी. इंग्रजी वाचणारा तो जाणता, मराठी वाचणारा तो भडकणारा, असा हिशेब. तो कायदा अमलात असतानाच जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला.

जुलै १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात टिळकांवर ‘केसरी’तल्या मराठी लेखांसाठी खटला चालला. सरकारनं खास ज्युरी मागितली. टिळकांच्या बाजूनं हरकत घेतली गेली: असे ज्युरर बहुतेक युरोपियन असणार, त्यांना मराठी येत नाही, मग ते लेखाचा भाव कसा जोखणार? न्यायमूर्ती दावर यांनी खास ज्युरीच मंजूर केली. सात युरोपियन, दोन पारशी. टिळकांनी वकील न देता स्वतः एकवीस तासांवर भाषण केलं. वृत्तपत्रस्वातंत्र्य राखणं हे ज्युरीचं काम आहे, ही अर्स्किनच्या परंपरेतली भूमिका त्यांनी त्या नऊ जणांपुढे मांडली. निकाल सात विरुद्ध दोन लागला. सहा वर्षं काळं पाणी. दुसऱ्या दिवसापासून मुंबईचे गिरणी कामगार रस्त्यावर आले आणि शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक, असे सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. लष्कर बोलावलं, गोळीबार झाला, माणसं मेली. त्या कामगारांतल्या पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. ‘केसरी’ त्यांना कुणीतरी वाचून दाखवत असे.